सरड्याच्या उठबशा

एप्रिल लागला की शाळेच्या कुंपणावरचा सरडा लाल होतो. डोकं, गळा, खांदे सगळं लालबुंद. त्यावर भर म्हणून तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करत जोर काढू लागतो. शेजारच्या सरड्याला दम द्यायचा आणि मादीवर छाप पाडायची, एवढाच त्यातला हेतू. आमच्या डोंगरकड्याकडची पोरं मात्र निराळा अर्थ लावतात. “सर, ह्यो उठबशा काहून काढायलाय? गृहपाठ केला नव्हता का?” सरांनाही हसू येतं, पण तेवढ्यात घंटा होते. आत परिसर अभ्यासाचा पेपर असतो. त्यात प्रश्न असतो, तुमच्या परिसरात दिसणाऱ्या प्राण्यांची माहिती लिहा. बाकं फळ्याकडं, सरडा खिडकीकडं, आणि खिडकीकडं पाहिलं की पर्यवेक्षक ओरडतात.

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातलं, केळीच्या बागांनी ओळखलं जाणारं गाव. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, शाळा सकाळची होते, आणि शिवारातून शिजत्या हळदीचा वास येत राहतो. अशा दिवसांत निसर्ग बघायचा तर थंड हवेच्या ठिकाणी सहल काढावी लागते, असा आपला समज. शाळेच्या आवारात काय असतं? एक लिंब, एक बोअर आणि धूळ. पण खरी गंमत त्या धुळीतच आहे.

व्हरांड्याच्या कडेला, पावसाचा थेंब पोचत नाही अशा कोरड्या मातीत, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. खड्ड्याच्या तळाशी एक आळी दबा धरून बसलेली असते. मुंगी काठावरून घसरली की ही खालून माती उडवते. मुंगी वर चढू पाहते, पायाखालची वाळू सरकते, आणि शेवटी दोन वाकडे जबडे तिला आत ओढतात. गवताची काडी हळूच फिरवली तरी आळी फसून माती फेकते. मोठेपणी ती चतुरासारखे पंख असलेला नाजूक कीटक होते. आणि पोरांना सांगितलं तर आयुष्यभर विसरणार नाहीत अशी गोष्ट म्हणजे, आळी असेपर्यंत तिला शौचाची वाटच नसते. सगळं साठवून ठेवायचं आणि पंख फुटल्यावर मोकळं व्हायचं. काही शाळांची स्वच्छतागृहं पाहिली की तिचा हेवा वाटतो.

वर्गात येऊन बसणारेही कमी नसतात. खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारमाशी मातीचं चिमुकलं मडकं घडवते, आत अंडं घालते, डंखानं लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. पिलाचा डबा जन्माआधीच भरून तयार! आपण झाडू मारताना तो ‘घाण’ म्हणून पाडतो.

आता आपलं कॅलेंडर बघा. पर्यावरण दिन ५ जूनला, तेव्हा शाळेला कुलूप. वसुंधरा दिन २२ एप्रिलला, म्हणजे परीक्षेच्या धामधुमीत. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह, त्यावर पुष्कळदा दिवाळीची सुट्टी येऊन बसते. सूर्यानंही हीच खोड उचलली आहे. आपल्याकडं भर दुपारी सावली पायाखाली गडप होते ती मेच्या मध्यावर, सुट्टीत. तोच योग जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो. तेव्हा शाळा उघडी असते, पण आभाळ झाकलेलं.

शाळा निसर्गाकडं नेण्याचा उद्योग महाराष्ट्रात झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी पोरं वर्गात येत नाहीत, तर वर्गच कुरणावर गेला. पानं, बिया, दगड हेच शैक्षणिक साहित्य. आमच्याकडं तर डोंगर चढायचंही काम नाही. सकाळच्या शाळेतला पहिला अर्धा तास बाहेर काढला तरी पुरे. एकेका पोराला लिंबाची एकेक फांदी वाटून द्यावी. नवी पालवी कधी आली, मोहर कधी गळला, लिंबोळी कधी धरली, याची आठवड्याला एक ओळ वहीत लिहावी. ‘सीझनवॉच’ नावाच्या देशभरच्या उपक्रमात शाळा अशाच नोंदी करतात. तांबट ‘टुक टुक’ करतोय तो कुठल्या झाडावर, हे शोधायला लावलं तर अख्खा वर्ग दहा मिनिटं गप्प बसतो. एवढी शांतता छडीनंही कधी मिळाली नव्हती.

राहता राहिला मे महिना. तेव्हा शाळेत शिक्षक नसतात, पण चिमण्या, सरडे, खारी हजर असतात. त्यांच्यासाठी एक उथळ मातीचं भांडं सावलीत ठेवा, आत एखादा दगड टाका म्हणजे चिमणीला टेकता येईल, आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास पाळल्यासारखं होईल. शाळेजवळ राहणारी दोन-चार पोरं हे काम आनंदानं करतील. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, सुट्टी लागायच्या आधी फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडं द्या. नाहीतरी ती कुंपणावरून उड्या मारून आत जातातच.