रसायनाला हात न लावता

माझे हात अतिशय स्वच्छ असतात आणि त्याचा मला गर्व आहे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाच्या बोटांवर एखादा डाग, मनगटावर भाजल्याची खूण, गेलाबाजार शर्टाला आम्लाने पडलेलं भोक तरी असावं, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे यातलं काही नाही. मी संगणकीय रसायनशास्त्रात पोस्टडॉक आहे. रेणू पडद्यावर बनवतो, तिथेच त्याला ताणतो, वाकवतो, तोडतो आणि चहाची वेळ झाली की हात न धुता कप उचलतो. शेजारच्या प्रयोगशाळेतली मंडळी हातमोजे काढून, हात घासघासून धुऊन, वर हुंगून बघतात आणि मगच बिस्किटाला हात लावतात. त्या वेळी मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतो, तिला सभ्य भाषेत कणव म्हणता येईल.

या तोऱ्याला आधार आहे. १९९८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना मिळालं. एकाची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, दुसऱ्याची गणितातली. म्हणजे परीक्षानळी न फोडता नोबेल मिळतं हे सिद्ध झालेलं आहे. माझ्या बाबतीत तपशील तेवढे ठरायचे आहेत. डिराकने तर १९२९मध्येच लिहून ठेवलं की, रसायनशास्त्राला लागणारे मूळ नियम कळून चुकले आहेत, अडचण एवढीच की त्यातून निघणारी समीकरणं सुटत नाहीत. त्या एवढ्याशा अडचणीवर आज जगभरात हजारोंचं पोट भरतं.

पोट भरतं हे जरा ढोबळ विधान झालं. पोस्टडॉक हा विद्यार्थी नसतो म्हणून त्याला हॉस्टेल नाही, आणि कर्मचारी नसतो म्हणून क्वार्टर नाही. शिष्यवृत्ती येते तेव्हा काही महिन्यांची एकदम येते. येत नाही तेव्हा घरमालकाला मी समीकरणं न सुटण्याचं कारण समजावतो. पीएच.डी.ची मुलं मला ‘सर’ म्हणतात. हे मला फार आवडतं. पण खरे सर खोलीत आले रे आले की, त्याच मुलांच्या तोंडी मी ‘दादा’ होतो. सर गेले की पुन्हा बढती.

बाहेर मात्र माझा भाव टिकून आहे, कारण मी लोकांना ‘माझं काम महासंगणकावर चालू आहे’ असं सांगतो. सी-डॅकने १९९१ साली इथे परम ८००० बांधल्यापासून पुणेकराला महासंगणक घरचाच वाटतो, त्यामुळे माणूस लगेच सरळ बसतो. ‘चालू आहे’ याचा अर्थ रांगेत आहे, हे मी सांगत नाही. रांग पुढे सरकते, काम सुरू होतं, आणि उत्तर हाताशी येतंय असं वाटत असतानाच दिलेली मुदत संपून ते मारलं जातं. गॉसियन नावाच्या आमच्या जुन्या प्रोग्रॅमची तर वेगळीच तऱ्हा. काम नीट संपलं तर तो शेवटी एखादं सुभाषित छापतो, बिघडलं तर नुसतीच चूक. काही महिने असे जातात की, मला एकही सुविचार वाचायला मिळत नाही.

आता बी-थ्री-एलवायपीबद्दल बोलायलाच हवं. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. मी बघणार नाही, पण मला कळेल.

शंभर इलेक्ट्रॉनांच्या रेणूचं संपूर्ण गणित मांडायचं तर तीनशे सहनिर्देशक सांभाळावे लागतात. कोन यांनी होहेनबर्गबरोबर १९६४ साली दाखवलं की, इलेक्ट्रॉनांची घनता कुठे किती आहे एवढं कळलं तरी पुरे. तीनशेचे तीन झाले. याला आम्ही डीएफटी म्हणतो. गोम अशी की, घनतेवरून अचूक ऊर्जा देणारं सूत्र अस्तित्वात आहे हे सिद्ध होतं, पण ते सूत्र काय आहे, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मग ज्याने त्याने आपापलं कामचलाऊ सूत्र काढलं. ही आमची फंक्शनलं. त्यांचा राजा बी-थ्री-एलवायपी. ॲक्सेल बेके यांनी १९९३मध्ये प्रयोगातल्या ऊर्जांशी जुळवून तीन आकडे काढले: ०.२०, ०.७२ आणि ०.८१. पुढच्याच वर्षी स्टीफन्स आणि मंडळींनी बेकेंच्या सूत्रातला एक भाग काढला, त्या जागी ली, यांग आणि पार यांचा १९८८ सालचा भाग बसवला आणि आकडे मात्र तेच ठेवले. मसाला काकूंचा, प्रमाण मावशीचं. आणि आमटी अशी जमली की, सगळं जग पानावर बसलं.

माझ्या गाइडनी हेच वापरलं, म्हणून मीही वापरतो. याचे दोष मला माहीत आहेत. बेंझीनची दोन कडी एकावर एक समांतर ठेवली तर निसर्गात ती एकमेकांना ओढतात. बी-थ्री-एलवायपीच्या मते ढकलतात. डीएनएमध्ये अशाच चपट्या रेणूंची चळत असते, म्हणजे आमच्या राजाचं चाललं असतं तर हा लेख लिहायलाही कुणी नसतं. ग्रिमे आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये डी-थ्री नावाची दुरुस्ती दिली. ती लावायची, की निभावतं. तरीही परिषदेत एखादा कोवळा मुलगा येतो आणि विचारतो, “सर, अजून बी-थ्री-एलवायपीच?” मला आयुष्यात दोनच प्रश्नांचा संताप येतो. एक हा. दुसरा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेले काका विचारतात तो: “अजून पर्मनंट नाही?”

असो. आमच्या धंद्याची खरी मेख पुढेच आहे. सामान्य तापमानाला ऊर्जेत १.४ किलोकॅलरीची गफलत झाली तरी अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो. त्यामुळे आम्ही भविष्य फारसं सांगत नाही. आधी प्रयोग होतो, मग लोक आमच्याकडे कारण मागायला येतात. आकडा जुळला तर ‘गणनेने दुजोरा मिळाला’ अशी एक ओळ छापून येते. जुळला नाही तर ‘मॉडेलच्या मर्यादा’. दोन्ही प्रसंगी मी आतून असा वागतो, जणू ती अभिक्रिया माझ्या परवानगीने घडली.

परवा शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलगी एक इवलीशी काचेची कुपी घेऊन आली. म्हणाली, “सर, हा तुमचा.” ज्या रेणूच्या बंधांची लांबी मी झोपेतही सांगेन, तो मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या पडद्यावर कार्बन राखाडी असतो, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल. कुपीत फिकट पिवळी, चिमूटभर पूड होती, निम्मी काचेलाच चिकटलेली. अकरा मिलिग्रॅम. मी विचारलं, “वास कसा आहे?” ती म्हणाली, “हुंगायचं नसतं हो, सर.” तिच्या उजव्या तर्जनीवर तपकिरी डाग होता आणि अंगठ्याजवळ भाजल्याची जुनी खूण. काही ग्रॅमपासून सुरुवात करून, पायरीपायरीला गमावत ती या अकरा मिलिग्रॅमपर्यंत आली होती. शुद्धीकरणाचा शेवटचा कॉलम तिने दिवाळीत घरी न जाता चालवला, आणि त्याआधीच तिच्या शिष्यवृत्तीची पाच वर्षं संपलेली होती. शिष्यवृत्ती संपली म्हणून रेणू काही लवकर बनत नाही.

त्या दिवशी मला तिची कणव आली नाही, राग आला, तिचा नव्हे. कोट्यवधींची यंत्रं आपण विकत घेतो, त्यांच्या देखभालीचे करार पाच-पाच वर्षांचे करतो आणि ती चालवणाऱ्या माणसाशी वर्षावर्षाचा करतो. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्तीची मुदत दोन वर्षं, आणि अर्जाची वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला पस्तीस. पस्तिशीनंतर माणसाचं नेमकं काय करायचं, याचं सूत्र नक्की अस्तित्वात असणार. तेही अजून कुणाला सापडलेलं नाही.

तिच्या कुपीवर तिने माझ्या गणनेच्या फाइलचा क्रमांक लिहिला होता. मी शोधनिबंधाच्या मसुद्यात तिचं नाव पहिलं टाकलं आणि माझं शेवटून तिसरं. चौथं टाकणार होतो, पण इतका मोठेपणा मला झेपत नाही.

तर वाचकहो, आपल्या ओळखीत कुठे जागा निघाली तर जरूर कळवा. वय चौतीस, हात स्वच्छ, रांगेत उभं राहण्याचा दांडगा अनुभव. गाव कुठलंही चालेल, पगार वेळेवर असावा. आणि माझ्या आधी तिला कळवा. तिला हाताने काही बनवता येतं. माझ्या बाजूने एकच अट आहे: फंक्शनल मी बदलणार नाही.