गोरेगावात ऑनलाइन क्विझ घेऊन कायदा मोफत कसा करावा

आधी पोस्टर. त्यावर गावाच्या नावापुढे 'जि. गोंदिया' हे गावाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत छापावे. नाही तर दिवसभर फोन येतात: 'पूर्व की पश्चिम?' मुंबईकरांची प्रवेश फी मात्र परत करू नये, तेही नागरिकच आहेत.

मोफत सल्ल्याचा निधी उभारायला क्विझच का, असे कोणी विचारेल. लंडनमध्ये वकील आणि न्यायाधीश दहा किलोमीटर चालून मोफत सल्ला केंद्रांसाठी पैसे उभे करतात. गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात वकिलांना दहा किलोमीटर चालवले तर जमलेला निधी दवाखान्याकडे वळवावा लागेल. बसल्या जागी, मोबाइलवर, हेच बरे.

तारीख ९ नोव्हेंबर सुचते. तो राष्ट्रीय विधी सेवा दिन. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि १९९५ च्या ९ नोव्हेंबरला लागू झाला. तेव्हा तुमची क्विझ तासभर उशिरा सुरू झाली तर माफी मागण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. त्या दिवसांत माणूस धानाच्या बांधीत असतो आणि दिवाळी आटोपली की गावोगावी मंडईची जत्रा भरते. ज्या रात्री शेजारच्या गावात दंडार किंवा नाटक आहे, त्या रात्री राज्यघटनेवरच्या प्रश्नांना कोणी बसत नाही, आणि बसू नये.

लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी बघावी लागते. त्यासाठी वकील गाठावा. मोफत सल्ल्याच्या निधीतला पहिला खर्च सल्ल्यावर झाला, तर तो वहीत 'किरकोळ' या रकान्यात दाखवावा.

आता प्रश्न. शेताच्या धुऱ्याबद्दल चुकूनही विचारू नका. 'शेजाऱ्याने धुरा सरकवला तर दाद कोठे मागावी?' एवढे वाचताच सगळ्यांचे माइक एकदम सुरू होतात. "सर, माह्या धुऱ्याचं पाहा ना आधी!" सातबारा कॅमेऱ्यासमोर उलटा धरला जातो. सूत्रसंचालकाला सगळ्यांना म्यूट करण्याचे बटण डोळे मिटून सापडले पाहिजे. एखादे मामाजी तरीही शेवटपर्यंत "आवाज येऊन रायला का?" एवढेच विचारत राहतील. त्यांना सहभागाचे प्रमाणपत्र द्यावे.

खरी कसोटी पुढच्या प्रश्नाची: सरकारी खर्चाने वकील कोणाला मिळतो? उत्तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. बाई असेल तर तिची मिळकत कितीही असो. मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, कारखान्याचा कामगार, पूर-दुष्काळाने नाडलेला. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या मिळकतीची मर्यादा. म्हणजे स्क्रीनवर दिसणारे जवळजवळ सगळेच चेहरे. अर्ज गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्यायचा. नुसते विचारायचे असेल तर १५१०० ला फोन करायचा, त्याला पैसे पडत नाहीत. सरकार गरिबाला वकील देईल हे घटनेत ३९-क म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातले. त्यासाठी देशाचा, राज्याचा आणि जिल्ह्याचा असे वेगवेगळे निधीही कायद्यातच आहेत.

इथे कोपऱ्यातल्या चौकटीतून एखादी काकू विचारणारच, "मंग आपण ह्या वर्गण्या कायले जमा करून रायलो?"

घाबरू नये. नेटवर्क गेल्याचे सोंग करावे आणि तेवढ्यात खजिनदाराशी बोलून घ्यावे. कारण काकूंचा मुद्दा बरोबर आहे. वकील फुकट मिळतो. गोंदियाला जायचा दिवस फुकट मिळत नाही. कापणीच्या हंगामातली बुडालेली मजुरी, दोन्ही वेळचे बसभाडे, झेरॉक्स, आणि 'आज साहेब नाहीत, सोमवारी या' म्हटल्यावर हेच सगळे पुन्हा. वकिलाची फी भरणारे कलम सापडते, सोमवारचे सापडत नाही. तेव्हा ठराव करावा की निधी वकिलाला एक रुपयाही न देता पक्षकाराच्या मजुरीला आणि तिकिटाला जाईल. हा ठराव वाचताना समितीतले दोन वकील ऑफलाइन होतील. त्यांची वाट पाहू नये.

बक्षीस रोख नको. चिन्नोर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवावी. वासासाठी स्पर्धक शेवटपर्यंत टिकतात, जरी तो मोबाइलमधून येत नसला तरी. दोघांचे गुण सारखे झाले आणि पिशवीवरून भांडण पेटले, तर थेट लोकअदालतीत जावे. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि निवाड्यावर अपीलही नाही. तोवर पिशवी अध्यक्षांच्या घरी ठेवू नये.