अंधाराचा भाव

तारे बघायला माणूस अगदी धडधाकट असावा लागतो, हे हवाईला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे त्याला फक्त मान लागते. पण मौना केआ या ज्वालामुखीवर सूर्यास्त आणि तारे दाखवायला नेणाऱ्या कंपनीनं आधी एक फॉर्म पाठवला. हृदयविकार आहे का? दमा? रक्तदाब? आपण गरोदर आहात का? (हा प्रश्न मलाही होता.) तेरा वर्षांखालचं कोणी बरोबर आहे का? शेवटच्या प्रश्नाशी मी जरा रेंगाळलो.

‘‘अहो, काय विचारलंय एवढं?’’

‘‘गेल्या चोवीस तासांत समुद्राच्या तळाशी जाऊन आलात का, असं.’’

‘‘मग लिहा की नाही म्हणून. त्यात आठवायचं काय?’’

प्रश्न वाटतो तितका चक्रम नाही. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. तो पुरता निघून जायच्या आत माणूस उंचावर गेला, तर हवेचा दाब कमी झाल्यामुळे त्याचे बुडबुडे होतात आणि जिवावर बेततं. हवाईच्या या मोठ्या बेटावर सकाळी समुद्राच्या पोटात आणि संध्याकाळी ४,२०७ मीटरवर जाता येतं. पैसे वसूल करायच्या नादात दोन्ही एकाच दिवशी उरकणारे पर्यटक निघत असणार, म्हणून हा प्रश्न. आम्ही पैसे वसूल करण्यात कुणाला हार जाणारे नाही, पण पाण्याखाली जाण्याइतके अजून हट्टाला पेटलो नव्हतो.

ही सहल आमच्या लेकीनं परस्पर ठरवली होती. ‘‘बाबा, तुम्हाला ताऱ्यांची आवड आहे ना,’’ एवढंच ती म्हणाली. आवड होती, पण ती फुकटातली होती. माणशी अडीचशे डॉलरच्या वर आकडा कळल्यावर मी रुपये करायला घेतले, तेव्हा हिनं फोन काढून घेतला आणि ‘‘परदेशात गुणाकार करायचा नाही’’ असा नियम घातला.

दुपारी व्हॅन आली. आत आमच्यासह डझनभर माणसं, सगळी अर्ध्या चड्डीत, कारण खाली समुद्रकिनाऱ्यावर उकाडा आणि वर शून्याच्या आसपास. ड्रायव्हर, गाइड, वाढपी आणि खगोलशास्त्रज्ञ ही चारही खाती एकाच तरुणाकडे होती. काळ्या लाव्ह्याच्या पसरलेल्या रानातून रस्ता चढत गेला. डावीकडे मौना केआ, उजवीकडे मौना लोआ. डावा ज्वालामुखी साडेचार हजार वर्षांपूर्वी शेवटचा पेटला होता. उजवा १९८४ नंतर चांगली अडतीस वर्षं गप्प बसून २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा पेटला. ‘‘आपण डावीकडच्यावर जाणार आहोत,’’ असं गाइडनं सांगितलं, तेव्हा हिनं माझ्याकडे न बघता मान डोलावली. ती मान गेल्या दोन दिवसांतली सगळ्यात समाधानाची होती.

मग त्यानं नेहमीचं कोडं घातलं. जगातला सगळ्यात उंच पर्वत कोणता? एव्हरेस्ट म्हणणारे सगळे त्याच्या सापळ्यात पडले. समुद्राच्या तळापासून मोजला, तर मौना केआ दहा हजार मीटरांवर जातो. एव्हरेस्ट पडला ८,८४९. गोरी मंडळी थक्क झाली. मी झालो नाही. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हा हिशेब नवा नाही: ४,२०७ हा कार्पेट एरिया आणि दहा हजार हा सुपर बिल्ट-अप. राहायला मिळतं ते वरचंच, बाकीचं पाण्यात.

२,८०० मीटरवर पाहुण्यांसाठी एक केंद्र आहे. एलिसन ओनिझुका या अंतराळवीराचं नाव त्याला दिलंय. तो याच बेटावर जन्मला आणि १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यानात गेला. इथं अर्धा तास सक्तीनं थांबायचं. शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची. त्या अर्ध्या तासात जेवण. आमच्या नावावर ‘व्हेज’ लिहिलेला पुठ्ठ्याचा डबा निघाला, आत भाजी घातलेला लझान्या. हिनं एक घास खाल्ला, डबा बंद केला आणि पर्समधून चिवड्याचं पाकीट काढलं. सॅन होजेच्या इंडियन स्टोअरमधून आणलेलं ते चपटं पाकीट आता टम्म फुगलं होतं. चारही कोपरे ताठ, मधली छपाई ताणलेली, त्यावरच्या शेंगदाण्याच्या चित्राचा जवळजवळ बटाटा झालेला. ‘‘खराब झालं वाटतं,’’ ही म्हणाली. खराब काही झालं नव्हतं. आतली हवा समुद्रकाठची होती आणि बाहेरची विरळ झाली होती, एवढंच. पाकीट फोडल्यावर फट्‌ असा आवाज झाला आणि शेजारचं एक जोडपं दचकून उभं राहिलं. आम्ही त्यांना चिवडा दिला. नवऱ्यानं एकेक डाळं वेचून खाल्लं आणि ‘हे कसलं धान्य’ म्हणून आदरानं विचारलं. आपल्या आतली हवाही अशीच फुगत असणार, हा विचार मला त्याच वेळी आला आणि मी कढीपत्ता बाजूला काढून पाकीट पुढे सरकवलं.

मग कोटवाटप. टोपीचे जाड कोट, हातमोजे, सगळं कंपनीचं. माझ्या कोटाच्या खिशात आधीच्या पर्यटकाची लिंबाची गोळी निघाली. खाल्ली नाही, पण टाकलीही नाही.

पुढचा रस्ता कच्चा, चढ असा की चारही चाकांना जोर देणारी गाडीच लागते. झाडं संपली, गवत संपलं, तांबड्या-काळ्या राखेच्या टेकड्या तेवढ्या उरल्या. अपोलोच्या अंतराळवीरांना सराव इथं का दिला असेल, ते खिडकीतूनच कळतं. या माथ्यावर ‘वेकिऊ’ नावाचा एक इवलासा किडा राहतो. वर काही उगवत नाही, म्हणून खालून वाऱ्यानं उडून आलेले, गारठून मेलेले कीटक खाऊन तो जगतो. जेवण घरपोच आणि तेही गार, अशी तक्रार न करणारं गिऱ्हाईक मला दुसरं माहीत नाही.

माथ्यावर पोचल्यावर दार उघडलं आणि पहिल्या दोन पावलांत वय कळलं. हवेतला दाब खालच्या साठ टक्के. ‘‘हळू चाला, बोलू नका,’’ गाइड म्हणाला. आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हे कुणालाच साधलेलं नव्हतं. इथं ते आपोआप झालं. समोर पांढरे घुमट. केक वेधशाळेच्या दोन दुर्बिणी, प्रत्येकीचा आरसा दहा मीटरचा आणि छत्तीस षटकोनी तुकड्यांचा. शेजारी जपानची सुबारू, तिचा एकसंध आरसा ८.२ मीटरचा. मी विचारलं, आत जाऊन जरा डोळा लावता येईल का? गाइड हसला. या दुर्बिणींना डोळा लावायची जागाच नसते. प्रकाश थेट उपकरणात जातो. आणि शास्त्रज्ञ? ते बहुतेक खाली वायमेआ किंवा हिलो गावात, हवेशीर खोलीत पडद्यासमोर बसून निरीक्षण करतात. विरळ हवेत डोकं नीट चालत नाही म्हणून. म्हणजे ज्यांना आकाशातलं कळतं ते खाली कॉफी पीत होते, आणि ज्यांना कळत नाही ते आम्ही पैसे भरून वर कुडकुडत होतो.

एक गोष्ट मात्र थट्टेत उडवण्यासारखी नाही. इथं तीस मीटरची आणखी एक दुर्बीण होणार होती. तिच्यात भारत भागीदार आहे, आपल्या पुण्याची ‘आयुका’ ही खगोलसंस्थाही त्यात आहे. २०१४ मध्ये भूमिपूजनाच्या दिवशीच स्थानिकांनी ते अडवलं. २०१९ मध्ये त्यांची वडीलधारी माणसं रस्त्यात बसून राहिली आणि पोलिसांनी उचलेपर्यंत उठली नाहीत. त्यांच्या लेखी हा डोंगर देवाचा आहे. खरं शिखर म्हणजे समोरचा राखेचा उंचवटा; त्यावर चढू नका, असं गाइडनं आम्हाला दोनदा बजावलं. आयुकेची भाषणं ऐकलेला मी, खरं तर दुर्बिणीच्या बाजूचा. पण तिथं उभं राहून ‘एवढ्या तेरा झाल्या, चौदावी झाली तर काय बिघडलं’ असं म्हणायला जीभ रेटेना. आपल्याकडे कळसाच्या वर चढून पाण्याची टाकी बसवू का, असं कुणी विचारलं असतं, तर आपण आधी त्याच्याकडे बघितलं असतं.

सूर्य ढगांत बुडाला. आपल्या वरच्या नव्हे, पायाखालच्या ढगांत. सगळे पश्चिमेकडे फोन धरून उभे. गाइड ओरडत होता, ‘‘मागे बघा, मागे!’’ कोणी बघेना. आमची ही तेवढी वळली, कारण वारा तोंडावर येत होता. पूर्वेच्या धूसर हवेवर मौना केआची सावली पडली होती, काळसर निळी, टोकदार, रेखीव त्रिकोणी. डोंगर स्वतः काही त्रिकोणी नाही, चांगला पसरट, गोलसर आहे. पण सावली शंभरावर किलोमीटर लांब जाते आणि आपण तिच्या माथ्यावरून बघतो, म्हणून रेल्वेचे रूळ लांबवर जुळावेत तशा तिच्या कडा जुळतात. डोंगर कुठल्याही आकाराचा असो, सावली त्रिकोणीच दिसते. फोनवाल्यांच्या ध्यानात येईपर्यंत ती रात्रीत मिसळून गेली.

आणि मग, ताऱ्यांसाठी जगभर नावाजलेल्या त्या जागी, पहिला तारा दिसल्याबरोबर गाइड म्हणाला, ‘‘चला, उतरायचं.’’ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात पर्यटकांनी माथा सोडायचा असतो. गाड्यांच्या दिव्यांनी दुर्बिणींचं काम बिघडतं. शिवाय डोळ्यांच्या पडद्याला प्राणवायू कमी पडला की अंधारातली नजर मंदावते, म्हणून साध्या डोळ्यांना खालच्या उंचीवरच तारे जास्त दिसतात. मग एवढं वर कशाला आणलं, हे मी विचारलं नाही. सूर्यास्ताचे पैसे वेगळे धरले असणार.

उतरणीवर एका मोकळ्या जागी गाडी थांबली. दिवे गेले. अमावस्येच्या आसपासची रात्र, मेचा मध्य. गाइडनं दुर्बीण लावली, गरम चॉकलेटचे पेले भरले आणि बोटानं तारे दाखवायला सुरुवात केली. ‘‘तो... तो नव्हे, त्याच्या डावीकडचा... ते विमान आहे.’’

उत्तरेला ध्रुव. मी सवयीनं हात लांब केला आणि क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी धरल्या. डोंगराची कड जरा आड येत होती, ती अंदाजानं वजा केली. दुसऱ्या मुठीच्या वर ध्रुव बरोबर बसला. वडिलांनी मला छत्रपती संभाजीनगरच्या घरी, ते औरंगाबाद होतं तेव्हा, अशाच दोन मुठी धरायला शिकवलं होतं. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश, वीस अंश. मौना केआ आणि संभाजीनगर एकाच अक्षांशावर आहेत. फरक दहा किलोमीटरांचाही नाही. म्हणजे बारा-तेरा हजार किलोमीटर उडून, फॉर्म भरून, कोट घालून आम्ही जे आकाश बघायला आलो होतो, ते आमच्या गच्चीवरचंच होतं. ताऱ्यातला तारा बदललेला नव्हता.

तेवढ्यात गाइडनं आवाज खाली आणला. ‘‘आता असं काही दाखवतो, जे तुमच्या घरून कधीच दिसत नाही.’’ मौना लोआच्या पाठीवर चार ताऱ्यांचा क्रॉस, सदर्न क्रॉस. व्हॅनमधली शिकागोची माणसं हळहळली. ही मला म्हणाली, ‘‘अहो, तो त्रिशंकू ना?’’ तोच तो. विश्वामित्रानं वर पाठवलेला, इंद्रानं खाली ढकललेला. कोकणात मेच्या सुट्टीत समुद्रावर कोणीही दाखवतं. मी गप्प बसलो. त्या पोराचा धंदा होता.

मग सप्तर्षी, त्यातले वसिष्ठ आणि अरुंधती. ‘‘लग्नात भटजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट करून ‘दिसली म्हणा’ म्हणून सांगितलं होतं,’’ ही म्हणाली. ‘‘आज दिसली.’’ सप्तर्षींच्या शेपटीच्या कमानीनं पुढे गेलं की स्वाती. हवाईचे लोक तिला होकुलेआ म्हणतात, आणि इथं गाइड खरोखर रंगला. हवाईच्या बेटांवर हा तारा बरोबर डोक्यावरून जातो. होकायंत्र नसलेले दर्यावर्दी तो माथ्यावर येईपर्यंत उत्तरेकडे येत आणि मग बेट शोधत. १९७६ मध्ये होकुलेआ याच नावाची दोन सांगाड्यांची होडी माऊ पियाइलुग या खलाशानं यंत्राशिवाय ताहितीपर्यंत नेली. मी मनात म्हटलं, चुकून तो पश्चिमेला भरकटत गेला असता तर स्वाती डोक्यावर ठेवून डहाणूच्या आसपास लागला असता, आणि हिशेब चुकला असंही त्याला म्हणता आलं नसतं. स्वाती माथ्यावर यायला अकरा वाजणार होते. व्हॅन साडेनऊला सुटणार होती.

दुर्बिणीची रांग आली. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, सतरा हजार प्रकाशवर्षं दूर. आधी नुसता धुरकट डाग. मग श्वास रोखला, नजर जरा बाजूला वळवली आणि डागाचे दाणे सुटे झाले. रवाळ, मोजता न येणारे, मध्ये दाट आणि कडेला विरळ. मी बहुतेक फार वेळ घेतला, कारण मागच्या बाईंनी खाकरून विचारलं, ‘‘काही दिसतंय ना?’’

आकाश तेच, मग पैसे कशाचे? अंधाराचे. या बेटावर रस्त्याचे दिवेसुद्धा दुर्बिणींसाठी पिवळे आणि खाली तोंड केलेले ठेवतात. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत हा माल महावितरण घरपोच, तोही फुकट देत असे आणि आम्ही त्यांना शिव्या घालत पंख्याची वाट बघत असू. मुलांना गच्चीवर नेऊन सप्तर्षी दाखवायला तेवढी संधी पुरली. वीज आली की सगळी गल्ली ‘हेऽऽ’ करून ओरडायची आणि आकाश बंद व्हायचं.

खाली येताना गाइडनं बक्षिसीची पद्धत नम्रपणे समजावून सांगितली. हॉटेलवर पोचायला अकरा वाजले, म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे अडीच. मी संभाजीनगरला दादाला फोन लावला.

‘‘दादा, आज रात्री साडेआठला गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड करून दोन मुठी धर.’’

‘‘गच्चीवर तुझ्या वहिनीनं कुरडया घातल्यात.’’

‘‘रात्री रे.’’

‘‘रात्री काय, त्या उठून जातात? ओल्या आहेत अजून.’’

‘‘त्यांच्या बाजूला उभा राहा. आम्ही आत्ता बघितलं तेच आकाश दिसेल तुला. तेच्या तेच.’’

‘‘समोर मंगल कार्यालय झालंय. लग्नसराई आहे. बारापर्यंत फोकस असतो गच्चीवर. ध्रुव राहू दे, चंद्र दिसला तरी पुष्कळ.’’ मग तो जरा थांबला. ‘‘हेच बघायला गेला होतास एवढ्या लांब? माणशी किती घेतले?’’

‘‘जेवण धरून आहेत ते,’’ मी म्हणालो.