मातीवाले तात्या

उभी हयात सिमेंटच्या गोण्या मोजण्यात घालवलेला माणूस निवृत्तीनंतर मातीच्या प्रेमात पडला, की त्याला आवरणं कठीण. आमचे तात्या, बांधकाम खात्यातले माजी ओव्हरसियर, त्यातले. सोलापूरजवळच्या शेतात त्यांनी घर बांधलं, तेही मातीचं.

तुमच्याकडे आले की चहाच्या आधी भिंतीला तळहात लावतात. "सहा इंची! वर उघडा स्लॅब! अरे, घर आहे की भट्टी?" मग विषय इजिप्तवर जातो. तिथले वास्तुकार हसन फथी यांनी 1940च्या दशकात लक्झरजवळ मातीच्या विटांचं गाव उभारलं. तात्या त्यांना 'आपले फथी' म्हणतात.

पाहुणा आला की त्याला आधी चिखल तुडवायला लावतात. माती, गव्हाचा भुसा, पाणी. पाय पोटरीपर्यंत आत. दिवाळसणाला आलेल्या जावयाचीही पँट दुमडून झाली. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे पडतात, ते लिंपायला मात्र काकू. भिंतीला वाळवी लागली तेव्हा तात्या म्हणाले, "म्हणजे आपल्या भिंतीत विष नाही, बघ!" काकूंनी निमूटपणे चुना कालवला.

मे महिन्यात दुपारी दोनला त्या घरात खरोखर गारवा असतो. पण भिंत उन्हाला नाही म्हणत नाही. कचेरीतल्या फायलीसारखं ते पुढे ढकलते. सव्वा फुटी भिंतीतून धग आत यायला दहा-बारा तास लागतात. वाटेत तिचा जोर मोडतो, पण मध्यरात्री येते ती येतेच. तेव्हा काकू सगळ्या खिडक्या उघडतात आणि तात्या बाज उचलून अंगणात जातात. "निसर्गाच्या सान्निध्यात झोपावं," म्हणतात.

एकदा किल्लारीचा विषय निघाला. 1993च्या त्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती आणि वरचं मातीचं छत माणसांवर कोसळलं होतं. तात्या गप्प झाले. मग मला दाराशी नेऊन चौकटीवरचा गिलावा बोटाने दाखवत कुजबुजले, "आत सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा आहे. चारही भिंतींना. वर कौलंही हलकी. पण हे कुणाला सांगू नकोस."

मी सांगतोच. मातीचं घर बांधायचं असेल तर अंगण सोडा, रात्री खिडक्या उघडा, दर वर्षी लिंपायची तयारी ठेवा. आणि तात्यांचं ऐकू नका. त्यांनी बांधलंय तसं बांधा.