न झालेल्या बैठकीतील अनुमोदकाचे पत्र

माननीय मुख्याध्यापक महोदय,


आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी परवा दप्तरातून शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताचं रजिस्टर आणलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीही होती. पालकांची एवढी काळजी दुसरं कोण घेणार? त्यातूनच मला कळलं की शुक्रवारी दुपारी बैठक झाली, ‘सविस्तर चर्चा’ झाली आणि स्वच्छतागृहाची दुरुस्ती समाधानकारक असल्याच्या ठरावाला मी अनुमोदन दिलं. त्या वेळी मी रानात कांदा काढत होते. आवाज बराच लांब गेला म्हणायचा!

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. महिन्याला बैठक घ्यायची, शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदानाचा खर्च बघायचा. आमच्याकडे यातली महिलांची अट चोख पाळली जाते, म्हणून तर मी सदस्य आहे. लोकवर्गणी काढायची असली की मात्र निरोप बरोबर वेळेत पोहोचतो.

पण मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही हो! सातवीच्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. आणि ते ‘समाधानकारक’ माझ्या नावावर? लाज वाटायला हवी.

तुमचे हाल दिसत नाहीत असं नाही. सात वर्गांना तिघं शिक्षक, वर पोषण आहाराचा हिशेब, आणि फोनवर दिवसभर ‘तातडीने माहिती भरा’. कायद्याच्या २७व्या कलमात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं सांगितलीत. बाकीच्या कामांबद्दल वर भांडायला एकटा मुख्याध्यापक गेला तर नोटीस घेऊन येईल. पन्नास पालक बरोबर असले तर साहेब निदान खुर्ची देतील. आम्ही येऊ. पण ज्यांच्या सह्या तेवढ्या लागतात, ती माणसं अशा वेळी कशाला येतील?

रजिस्टर सही न करता परत पाठवते आहे. बैठक बाजाराच्या दिवशी सकाळी ठेवा, त्या दिवशी आम्हा बायकांना मजुरीवर जायचं नसतं. अनुदानाचं पासबुक घेऊन या. पहिला विषय दाराचा घ्या.

आपली,
समितीतली एक पालक सदस्य