गोधडीला म्हणे आता स्वतंत्र खोली हवी!

ऐकलंत का? निवडणुकीचा नारळ ज्या मारुतीपुढं फुटतो, त्या बारामतीजवळच्या कन्हेरीत सध्या वेगळाच प्रचार रंगलाय म्हणे. एका घरातल्या सूनबाई लाँगआर्म क्विल्टिंग मशीन घ्यायचं म्हणतायत. कशाला? तर गोधडी शिवायला! अहो, आजीची लुगडी, आईच्या विटक्या साड्या, सुई-दोरा आणि जेवणं उरकल्यावर जमलेल्या चार बायका, एवढ्याच भांडवलावर आजवर शिवली गेली ती गोधडी. तिच्यासाठी आता बारा फुटी सांगाडा! कलियुग, दुसरं काय?

सगळं त्या मोबाईलनं केलंय. रीलमध्ये अमेरिकेतली एक बाई उभ्यानं, दोन्ही मुठी धरून, अख्खं मशीनच कापडावरून फिरवते. आपल्याकडं मशीन जागेवर आणि कापड सरकतं. तिकडं कापड रुळांवर ताणलेलं आणि मशीन चाकांवर! खूळ तसं आजचं नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मिसुरी राज्यातल्या गॅमिल नावाच्या गृहस्थानं बायकोचं क्विल्टिंग मशीन सुधारायला घेतलं आणि त्यातून कंपनीच उभी राहिली. हे कन्हेरीतल्या नवरोबांना सांगू नका. इथं बायकोच्या मशीनला एकदा तेल घातलं तरी वर्षभर ऐकवतात.

पण सूनबाई अडाणी नाहीत हो, हीच तर पंचाईत! बारामती एमआयडीसीतल्या टेक्स्टाइल पार्कात आसपासच्या गावांतल्या कितीतरी बायका दिवसभर मोठाली मशीनं चालवतात. मशीनला भिणार कोण? सूनबाईंना तर आकडे तोंडपाठ. घरच्या शिलाई मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच जागा. त्यात डबलबेडची गोधडी कोंबायची म्हणजे दंडाला गोळे. लाँगआर्मला हीच जागा 18 ते 30 इंच. वर टाके सारखे ठेवणारं यंत्र: इंचाला 10 टाके ठरवले की हात जलद फिरो की सावकाश, 10च पडणार. सासूबाईंचा धावदोरा कधी गव्हाएवढा, कधी ज्वारीएवढा; त्या ऐकून तोंड फिरवून बसल्यात.

आता गंमत ऐका. 18 इंच म्हणजे 18 इंच नव्हेतच! शिवून झालेली गोधडी मागच्या रुळावर गुंडाळत जाते. चार-सहा साड्यांचे थर असले की तो रूळ बाळंतिणीच्या गाठोड्यासारखा फुगतो आणि शिवायची जागा खात सुटतो. त्यात आपल्या साड्या. सुती असल्या तर ठीक. नायलॉन, सिंथेटिक एकमेकींवरून अशा निसटतात की ताण बसता बसत नाही. ही मशीनं मुळात वर कापड, मध्ये कापूस, खाली कापड अशा तीन थरांसाठी केलेली. खालच्या अस्तरालाही वरच्यापेक्षा चारी बाजूंनी काही इंच जास्त लागतं, रुळाच्या पट्टीला टाचायला. दोन साड्या जोडून अस्तर केलंत तर जोड रुळाला समांतर ठेवा, नाहीतर तो एकाच जागी फुगत जाईल.

आणि जागा? फ्रेम दहा-बारा फूट लांब. हातानं मनासारखी नक्षी काढायची तर पुढं उभं राहायचं. कागदावरची नक्षी लेझरच्या ठिपक्यानं गिरवायची तर मागं. म्हणजे दोन्हीकडं मोकळी वाट हवी. मग पाहुणे झोपणार कुठं? फ्रेमखाली? परदेशातून मागवाल, तर काही मशीनं 110-120 व्होल्टची असतात. आपल्या 230वर लावलंत की पहिल्याच दिवशी धूर. किंमत लाखांत, वर आयात शुल्क. बिघडलं तर मेकॅनिक कुठून यायचा, हे रीलमधली बाई सांगत नाही.

तरी चर्चा थांबेना. एक गट म्हणतो, टेबलावरचं घ्या: मशीन जागेवर, कापड आपण फिरवायचं, पण हात साध्या मशीनपेक्षा लांब. फ्रेमची कटकट नाही, खोलीही वाचते. दुसरा म्हणतो, बचत गटानं मिळून फ्रेम घ्या, गावाच्या गोधड्या शिवा. तिसरा गट सासूबाईंचा. त्यांचं म्हणणं, चार बायका बसल्याशिवाय शिवलेली ती गोधडी नव्हे, सोलापुरी चादर!

आमचा निकाल ऐका. वर्षाकाठी घरच्या दोन-चार गोधड्या शिवायच्या, तर फ्रेमच्या वाटेला जाऊ नका. टेबलावरचं लांब हाताचं मशीन पुष्कळ. शिवून विकायच्या असतील, बाहेरच्या ऑर्डरी हातात असतील, तरच फ्रेम. पैसे मोजायच्या आधी आपल्याच साड्यांचे थर घेऊन दुकानात जा आणि तिथं शिवून बघा. दुकानदार नको म्हणाला, तर तसेच घरी परत या. सासूबाईंच्या हातची सुई तेवढ्यात गंजत नाही.