टाकीबाई, तुमच्या पोटात काही राहत नाही

सौ. टाकीबाई,
मुक्काम बंद पेट्रोल पंपाच्या काँक्रीटखाली, मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव.



पंप बंद झाला, यंत्रं टेम्पोत चढली, छताचे पत्रे भंगारात गेले. आपण मात्र जागच्या हलला नाहीत. इतकी निष्ठा हल्ली माणसांत दिसत नाही. जाताना आपलं पोट रिकामं केलं का, असं मालकांना विचारलं, तर म्हणाले, "केलंय की, कागद आहे." कागद आहे म्हटल्यावर आम्ही काय बोलणार! शंका घेतली ती म्हशीनं. बादली हुंगली आणि मान फिरवली. मग आईनं घोट घेतला नि थुंकला. "राकेलचा वास मारतोय की रं ह्याला." आमच्याकडचा स्टोव्ह माळ्यावर जाऊन जमाना झाला, पण आईचं नाक काही तो विसरलेलं नाही.

आडातून पुन्हा बादली काढली. पाण्यावर सप्तरंगी साय. उगाच कुणावर आळ नको म्हणून ती काडीनं फोडून पाहिली. लोह खाणाऱ्या जिवाणूंचीही अशीच साय धरते, पण ती काडी लागली की पापडासारखी तुटते आणि तुकडे तसेच राहतात. ही लगेच सांधली. सांधायचं हे कसब आपण स्वतःच्या जोडांवर वापरलं असतं, तर मला हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आपला दोष तरी काय म्हणा. वर काळी माती. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच फुगून बसते. दरवर्षीच्या त्या ओढाताणीत पाइपाचा एखादा सांधा सुटणारच. काळीखाली मुरूम, गावाला शोभेल असा. त्याखाली फुटका खडक, आणि मग काळा पाषाण. मुरमात काहीही मुरतं. "कुठंतरी पाणी मुरतंय" असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. पेट्रोलही मुरतंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खरं तर ते रोज सकाळी वहीत येत होतं. डिपरॉड आपल्या पोटात जायचा, बाहेर यायचा, आकडा लिहिला जायचा. विकलेलं आणि उरलेलं मिळून जमेना, की पुढं एकच शब्द: "बाष्पीभवन". पेट्रोल उडतं हे खरंच आहे, त्यामुळे शब्द कायमचा सोयीचा. तुमच्या वहीत जी घट होती, ती आमच्या आडात जमा होत होती. आडाला बाष्पीभवन लिहिता येत नाही.

मग मी आपला माग काढायला बसलो. गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली, आपल्या आसपासच्या तीन आडांचे कठडे एका पातळीवर धरले आणि दोरीला दगड बांधून पाणी किती खाली लागतं ते मोजलं. दोन आडांवरून उताराची दिशा कळत नाही, तीन तरी लागतात. गवंडी म्हणाला, "सर, आडावर मजला चढवताय का?" उतार निघाला आपल्या अंगणातून थेट आमच्याकडे. अर्थात भेगांच्या खडकात पाणी उताराचं ऐकेलच असं नाही. भेग नेईल तिकडं ते जातं. म्हणून नमुना प्रयोगशाळेत धाडला. बाटली काठोकाठ भरली, आत बुडबुडाही ठेवला नाही. बुडबुडा राहिला तर आपलं बेंझीन पाणी सोडून त्यात जाऊन बसतं.

हे बेंझीन म्हणजे आपल्या घराण्याचं रत्न. त्यानं रक्ताचा कर्करोग होतो, यात आता वाद उरलेला नाही. भारत-६ मानकाच्या पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त एक टक्का असू शकतं. एवढंसंच वाटतं ना? जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: एक टक्कावालं फक्त एक लिटर पेट्रोल साडेआठ लाख लिटरांहून जास्त पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवतं. दहा हजारी टँकर धरले तर सत्त्याऐंशी. मराठवाड्यात माणसाला टँकरची भाषा लगेच कळते.

आणि आपण पाण्याहून हलक्या, त्यामुळे सदैव वर. पावसाळ्यात पाण्याबरोबर चढता, वैशाखात उतरता, येता-जाता खडकाला हात पुसता. म्हणूनच पहिल्या मोठ्या पावसानंतर वास पुन्हा ताजा होतो. अलीकडे पेट्रोलात उसाचं इथेनॉलही येतं. मातीतले जिवाणू बेंझीन खाऊ शकतात, पण ताटात इथेनॉल वाढलं की आधी तेच संपवतात, प्राणवायूही संपवतात आणि बेंझीन शिळं म्हणून ठेवून देतात. आमच्याच पाण्यावरचा ऊस आमच्याच आडात परत आला, याला गावात चक्रीय अर्थव्यवस्था म्हणायला हरकत नसावी.

अहवाल आला की आपलं वयही कळेल. देशात शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिसं सापडलं तर आपलं ठिबकणं बहुधा त्याआधीचं. अहवालातल्या आलेखात जड तेलाची कुबडं दिसली, तर शेजारच्या डिझेलताईंनाही बोलवावं लागेल.

लाजू नका, आपण एकट्या नाही. अमेरिकेत १९८४ साली अशा टाक्यांसाठी कायदा झाला आणि तेव्हापासून पाच लाखांवर जावा गळताना सापडल्या. इकडे राजस्थानात बिछडीच्या विहिरी रसायन कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घाण करणाऱ्यानंच ती निस्तरायची. २०२० पासून नव्या पंपाला घरं, शाळा, दवाखाने यांच्यापासून पन्नास मीटर अंतर सांगितलंय, फारच अडचण असेल तर तीस. आपण जुन्या, आपल्याला कोण अंतर सांगणार!

आपला शेजारी,
आडवाला

ता. क. आपल्या डोक्यावर प्लॉटिंगचा फलक लागलाय. त्यावर "स्वतःची बोअर, मुबलक पाणी" असं लिहिलंय. बोअरची गाडी काल आली. खुणेपासून आपल्यापर्यंत मी पावलं मोजली: अकरा. ड्रायव्हरला एवढंच सांगून आलो, की बाबा, बिडी रस्त्यापलीकडं जाऊन ओढ.